गिटार तं घेतली, पण ॲम्प अन् अर्थिंगचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत सुट्टीत मुलांना एखादं वाद्य शिकवा असा लेख आला होता. वाचून खूप बरं वाटलं, कारण पोट्टे मोबाईलमधून बाहेर निघतील तर ते असल्याच एखाद्या छंदाने निघतील असं माझंही मत आहे. पण त्यात इलेक्ट्रिक गिटारबद्दल एकच ओळ होती, की आजकाल ऑनलाईन स्वस्तात मिळते, बजेट पाहून घेऊन टाका. ती ओळ वाचली अन् राहवलं नाही म्हणून लिहून राहिलो. पत्र लांबणार आहे, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती, कारण निकाल लागले की नागपुरात कितीतरी घरी हीच खरेदी होते आणि कितीतरी घरी सहा महिन्यांत ती गिटार दिवाणाखाली जाते, आणि दोष मात्र पोराला लागतो की याच्यात चिकाटीच नाही.

मी हिंगणा एमआयडीसीत मेन्टेनन्सला आहे. पण त्याआधी आणि नोकरी सांभाळूनही दहा-बारा वर्षं ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवली, गणपती, नवरात्र, लग्नं, आणि १४ एप्रिलच्या आठवड्यात तर रोज रात्री कुठल्या ना कुठल्या वस्तीत भीमगीतांचा कार्यक्रम असायचा, आज इंदोऱ्यात तर उद्या आणखी कुठे. माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार सेकंडहँड होती. ॲम्पला, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या डब्याला, पैसे नव्हते म्हणून घरच्या टेपरेकॉर्डरच्या डेकला पिन लावून वाजवायचो, अन् आवाज इतका दबलेला, मेलेला यायचा की मला वाटायचं माझ्या बोटातच काही नाही. सोडूनच देणार होतो. मग एका ऑर्केस्ट्राच्या रिहर्सलला तिथल्या गिटारवाल्या दादाने स्वतःचा ॲम्प दिला आणि तीच गिटार, तीच बोटं, पण पहिल्या तारेला हात लावला तर आवाज खोलीत उभा राहिला. कारण नंतर समजलं. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांखाली बसवलेल्या चुंबकाच्या पट्टीतून, निघणारा सिग्नल फार नाजूक असतो, त्याला साधारण दहा लाख ओहम अडथळ्याचं इनपुट लागते, टेपच्या डेकचं इनपुट त्याच्या कितीतरी पट कमी असते, ते वरचे सूर खाऊन टाकते. हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं माझं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. इलेक्ट्रिक गिटार हे अर्धं वाद्य आहे, उरलेलं अर्धं म्हणजे ॲम्प, आणि त्या ॲम्पच्या मागे तुमच्या घरातला जो थ्री पिन सॉकेट आहे तोही त्या वाद्याचाच भाग आहे. लोक गिटार डोळ्याने बघून घेतात, ॲम्प कानाने ऐकून कोणीच घेत नाही, आणि सॉकेटकडे तर कोणाचं लक्षच नसते.

आमच्या घरच्या मोठ्यांना हे वाद्य परकं वाटते, रॉकवाल्या पोरांचं वाटते, पण तसं नाही हो. १९३० च्या दशकात रिकनबॅकर कंपनीची जी पहिली चाललेली इलेक्ट्रिक गिटार निघाली ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती, अन् तीच हवाईयन गिटार आपण रेडिओवर किती ऐकली. व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी वाजवलेल्या सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी आमच्या आईला पाठ होत्या. तो लांब ओढलेला सूर विजेवरच्या गिटारीचाच होता.

तर मागच्या महिन्यात माझ्या पुतणीने बारावीच्या पेपरांनंतर गिटार मागितली. भाऊ माझ्यापेक्षा लहान, त्याचं बजेट ३० हजार, आणि पोट्टी म्हणे काका, लाल रंगाचीच पाहिजे. मी म्हटलं घेऊ, रंग तुझा, बाकीचं माझं ऐक. भावाला सांगितलं की ३० च्या ३० गिटारीवर घालायचे नाहीत. तो म्हणे, "दादा, गिटार घेऊन राहिलो ना, मग हा डबा आणखी कायले?" हाच प्रश्न दहापैकी नऊ बाप विचारतात. शेवटी वाटणी अशी झाली, गिटार १६ हजार, ॲम्प १० हजार, अन् राहिलेल्या ४ हजारांत चांगली केबल, सूर जुळवायचा क्लिपचा ट्युनर, बॅग, पट्टा, तारांचे दोन सेट आणि सेटअपची, म्हणजे नेक अन् तारा नीट जुळवून घ्यायची, मजुरी. माझ्या मते तीन भाग गिटार तर दोन भाग ॲम्प हे प्रमाण शिकणाऱ्यासाठी बरोबर आहे, आणि पैसे कमी पडत असतील तर गिटार एक पायरी खालची घ्या पण ॲम्प कापू नका.

सीताबर्डी अन् सदर मिळून आम्ही तीन दुकानं फिरलो. एका ठिकाणी गिटार ॲम्पला लावूनच देत नव्हते, म्हणे आधी घ्या मग लावा, तिथून सरळ बाहेर पडलो. दुकानात गेल्यावर मी पुतणीला पहिले दहा मिनिटं ॲम्पच लावू दिला नाही. गिटार कोरडी वाजवून पाहायची, कारण ॲम्पच्या आवाजात नेकचे, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याचे, दोष लपतात. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, दाबून पाहायची, कुठे खर्र वाजते का, कुठे सूर मरतो का. मग सहाव्या तारेला पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबायचं आणि मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार अन् फ्रेटमधली फट बघायची, साधारण व्हिजिटिंग कार्डाइतकी असली तर नेक चांगली, बोट जाईल इतकी असली तर नेक वाकलेली. थोडं वाकणं आतल्या ट्रस रॉड नावाच्या लोखंडी सळीने नीट करता येते पण पिळवटलेली नेक घेऊच नये. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड तारेला दोन मिलीमीटरच्या आसपास आणि बारीक तारेला दीड, याच्यापेक्षा फार वर असेल तर नवीन पोराची बोटं आठ दिवसांत सोलून निघतात. आणि बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर आणि दाबून काढलेला सूर ट्युनरवर एकच आला पाहिजे, नाही आला तर ब्रिजवर, म्हणजे खाली तारा अडकवतात त्या पट्टीवर, तारेची लांबी जुळवून घ्यायला दुकानदारालाच सांगा, हे त्याचं काम आहे.

पिकअपबद्दल दुकानात फार गोंधळ घालतात म्हणून सोपं करून सांगतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर लोखंडी तार हलली की त्यात वीज तयार होते, आपण फिजिक्समधे शिकलो तेच. एकच कॉइल असली तर आवाज खणखणीत, काचेसारखा, फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ ला आली ती अशा तीन पिकअपची. पण सिंगल कॉइल घरातली वीजही ऐकते, आपली लाईन ५० हर्ट्झची, तिची गुणगुण ५० ला आणि १०० ला येते, अन् १०० म्हणजे बरोबर सहाव्या तारेच्या ८२ अन् पाचव्या तारेच्या ११० च्या मधे, म्हणून ती इतकी खुपते. १९५५ मधे गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनियरने दोन उलट कॉइल जोडून ती गुणगुण मारणारा पिकअप काढला, त्यालाच हमबकर म्हणतात, आवाज जाड आणि भरीव. आम्ही पुतणीसाठी ब्रिजपाशी हमबकर अन् बाकी दोन सिंगल कॉइल असलेली घेतली, यामाहाच्या पॅसिफिकात अशी मांडणी असते, दुसऱ्या कंपन्यांच्याही येतात. सतरा वर्षांच्या पोरीला पुढे काय आवडेल, भीमगीत, गझल, मेटल की चर्चमधलं गाणं, हे आजच कोणाला माहीत, म्हणून दोन्ही आवाज असलेले बरे. हलणारा लॉकवाला ब्रिज मात्र पहिल्या गिटारीला घेऊ नका, एक तार तुटली की बाकी पाचही सुरातून जातात अन् पोरगं ट्युनिंगमधेच थकून जाते. आणि साधी गोष्ट, पट्टा लावून दहा मिनिटं उभं राहून पाहा. काही गिटारी चार किलोच्या असतात, खांदा बोलतो.

आता ॲम्प. लोक आधी वॅट विचारतात, टीव्ही घेताना इंच विचारतात तसं. वॅट दसपट झाले तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो, म्हणजे १० वॅट अन् १०० वॅटमधे दहापटीचा फरक नाहीच. फ्लॅटमधे १० वॅट भरपूर आहेत, शेजारी दार वाजवतात. फरक पडतो तो स्पीकरने आणि त्याच्या खोक्याने. फेंडरच्या फ्रंटमन १०जी सारख्या छोट्या ॲम्पमधे सहा इंची स्पीकर असतो, रोजच्या सरावाला चालते, पण आठ किंवा बारा इंचाचा स्पीकर ऐकला की जाड तारेचं पोट कळते. बॉस कंपनीच्या कटाना ५० या ॲम्पवर अर्धा वॅट, २५ आणि ५० असं निवडायचं बटण आहे, ही सोय मला फार आवडली, घरी अर्ध्या वॅटवर वाजवा अन् कॉलेजच्या गॅदरिंगला तोच घेऊन जा. आमच्या बजेटात तो बसला नाही, आठ इंची स्पीकरचा साधा २० वॅटवाला घेतला, हेडफोनचं होल असलेला, परीक्षेच्या दिवसांत तेच कामाला येते.

व्हॉल्वच्या ॲम्पबद्दल पोट्टे इंटरनेटवर बघून येतात. घरी व्हॉल्वचा रेडिओ असलेल्यांना माहीत आहे, लावला की थोडा वेळ गरम होऊ द्यावा लागायचा, तसंच आहे ते. आवाज सुंदर, याबद्दल वादच नाही, जोरात वाजवल्यावर व्हॉल्व जो सूर गोलसर फाडतो तो मी आजही विसरलो नाही, पण व्हॉक्सच्या एसी-३० सारखा ३० वॅटचा व्हॉल्व ॲम्प हॉल भरतो, बेडरूममधे त्याचा तो आवाज निघेपर्यंत सोसायटीची मिटिंग भरेल. वर वजन, आणि स्पीकर न जोडता चालू केला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. पहिल्या खरेदीला नको.

आणि तो ब्लूटूथ स्पीकर, होम थिएटर वगैरेला गिटार लावायचा विचार काढून टाका. गिटार ॲम्पचा स्पीकर मुद्दामच वरचे सूर, साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढचे, दाबून टाकतो, म्हणून डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, गोड लागते. तेच डिस्टॉर्शन होम थिएटरमधून सरळ काढलं की माश्यांचं मोहोळ उठल्यासारखं वाटते. ब्लूटूथमधे तर आवाज उशिरा येतो, आज तार छेडली अन् सूर मागून, तालाची सवयच बिघडते.

अजून एक. नागपूरच्या कितीतरी घरची मुलं अमेरिकेत आहेत, आणि काका तिकडून ॲम्प आणतो, स्वस्त पडतो. गिटार आणा खुशाल. ॲम्प आणताना मागची पट्टी वाचा. तिकडची लाईन १२० व्होल्टची, आपली २३०. माझ्या मित्राच्या पोराने असा आणलेला ॲम्प नुसती पिन बदलून लावला, धूर निघाला अन् संपला. मागे व्होल्टेज बदलायची सोय असेल तर ठीक, नाहीतर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, त्याचे पैसे धरून हिशोब करा.

गुणगुणीच्या तक्रारीत निम्म्यावेळी गिटारीचा दोषच नसतो हेही सांगून देतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर अर्ध्यावर असला की ॲम्पमधे करकर येते, पंखा फुलवर करा, गेली. लाईट गेली अन् जुना स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर लागला की असाच कल्ला होतो. कूलरची मोटर, तीही. लोक मात्र तेवढ्यासाठी दुकानात भांडून येतात.

कूलरवरून आठवलं. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी की फिंगरबोर्डचं, म्हणजे नेकवर बोटं दाबतो त्या पट्टीचं, लाकूड आकसते, फ्रेट धातूच्या असल्याने त्या आकसत नाहीत, मग त्यांची टोकं कडेने बाहेर येतात आणि हात सरकवला की ओरखडे पडतात. खूप जणांना वाटते माल खराब निघाला. दुसरीकडे कूलरसमोर गिटार टांगून ठेवली की ओल्या हवेने तारा गंजतात, पिन हिरवी पडते, अन् पावसाळ्यात नेक पुन्हा हलते. म्हणून कूलरच्या झोतात नको, गच्चीखालच्या तापलेल्या भिंतीला नको, उन्हात उभ्या कारच्या डिकीत तर अजिबातच नको. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि बॅगेत आत ठेवायची. वर्षात दोनदा, उन्हाळा लागताना आणि पाऊस स्थिरावल्यावर, सेटअप तपासून घ्यायचा. ऑर्केस्ट्रावाले आम्ही हे न सांगता करायचो.

आता ज्याच्यासाठी मुख्य लिहायला बसलो ते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून ॲम्पच्या लोखंडी बॉडीला जोडलेल्या असतात, आणि ती बॉडी पिनच्या तिसऱ्या जाड टोकातून जमिनीला. म्हणजे तुमच्या मुलाची दहाही बोटं घरच्या अर्थिंगला धरून आहेत असं समजा. अर्थिंग चांगली तर भीती बरीच कमी. पण कित्येक घरी सॉकेटला तिसरं होल नुसतं दिसायला असते, मागे वायरच नसते, किंवा टू पिन सॉकेटात बसावी म्हणून लोक पिनचं जाड टोक तोडून टाकतात. तेव्हा ॲम्पमधे कुठे लीकेज झालं की ते तारांवर येऊन थांबते, आणि ज्या क्षणी तुमचा ओठ दुसऱ्या लाईनवरच्या माईकला लागेल त्या क्षणी ते तुमच्यातून जाते.

हे मी पुस्तकातलं सांगून नाही राहिलो. १९९८ च्या नवरात्रात एका मंडळाच्या स्टेजवर माझ्यासोबत झालं. मंडपवाल्याने वायरी सोलून सॉकेटमधे आगपेटीच्या काड्या खोचून लाईन घेतली होती, फेज अन् न्यूट्रल, अर्थचा पत्ताच नाही. दुसऱ्या गाण्यात कोरसला माईकपाशी गेलो अन् ओठाला असा झटका बसला की गिटारसकट मागे ड्रमवर पडलो. डाव्या हाताची पकड तारांवर घट्ट बसली होती, ड्रमवाल्याने चप्पलेने पिन उडवली म्हणून आज हे पत्र लिहितो आहे. १९७२ च्या मे महिन्यात ब्रिटनमधे स्वान्सीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे असाच स्टेजवर माईकला हात लागून गेला. तो वाचला नाही.

म्हणून गिटार घरी यायच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवा आणि ज्या सॉकेटवर ॲम्प लागणार तिथली अर्थिंग तपासून घ्या, स्वतः टेस्टर घेऊन प्रयोग करू नका. बोर्डात ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे लीकेज झालं की लाईन लगेच तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या, गिटार नसली तरी गीझर अन् कूलरसाठी तो पाहिजेच. आणि आपल्याकडचं एक खास आहे. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सुकते, आणि सुकी माती वीज नीट घेत नाही. मीठ-कोळशाचा जो अर्थिंगचा खड्डा बिल्डरने केला असतो त्याच्यात वर्षानुवर्षं कोणी पाणी टाकत नाही. भावाच्या घरी तपासलं तर तेच निघालं, खड्ड्याचं झाकण सापडायलाच अर्धा तास गेला, त्याच्यावर कुंड्या ठेवल्या होत्या, आत खडखडीत कोरडं. ॲम्प तेव्हा बॉक्समधेच होता, मी उघडू दिला नाही. पोट्टी रुसली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तरी नाही.

संपादक महोदय, आपल्याला दोन विनंत्या आहेत. एक, पुरवणीत पुन्हा वाद्यांवर लिहाल तेव्हा किमतीसोबत हे सॉकेटचं दोन ओळीत नक्की लिहा. दुसरी, गणपती-नवरात्राच्या आधी मंडळांबद्दल आपण डीजेचा आवाज, रस्त्यातले मंडप याच्यावर इतकं छापता, तसं कलाकारांच्या स्टेजवरच्या लाईनबद्दलही छापा. साऊंडवाला आणि गिटारवाला एकाच अर्थ केलेल्या बोर्डावर असावा, काड्या खोचलेल्या वायरी दिसल्या तर कलाकाराने वाजवायला नकार द्यावा आणि मंडळाने त्याचं मानधन तरीही द्यावं. ज्या पोट्ट्यांना आज आपण गिटार घेऊन देतो ते चार वर्षांनी याच स्टेजवर चढणार आहेत.

भाऊ आता दर रविवारी कूलरची टाकी भरतो तेव्हा एक बादली त्या खड्ड्यातही ओततो. अन् पुतणीचे तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबून वाजवायचे सूर, बसले आहेत, चौथ्यासाठी तिची करंगळी अजून पुरत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला एक जुना वाचक,
प्रताप नगर, नागपूर